खिशातील पिस्तूल आणि त्यातील काडतूस : प्रस्तावना

अंगावर, कपड्यांखाली लपवून पिस्तूल बाळगणे ही गोष्ट अमेरिकेत १९८० च्या दशकापर्यंत बहुतेक राज्यांत एक तर निषिद्ध होती किंवा स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती. १९८७ मध्ये फ्लोरिडा राज्याने केलेल्या कायद्याने ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदाराला परवाना नाकारण्याची मुभा अधिकाऱ्याकडे ठेवली नाही आणि पुढच्या अडीच-तीन दशकांत एकामागून एक राज्यांनी हाच मार्ग धरला. अशा परवान्याची सोयच नसलेले इलिनॉय हे शेवटचे राज्य २०१३ मध्ये परवाने देणारे झाले, आणि २०२२ मध्ये 'ब्रूएन' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, अर्जदाराने स्वतःची विशेष गरज सिद्ध करावी ही न्यूयॉर्क राज्याची अट घटनाबाह्य ठरवली. दरम्यान १९९४ च्या संघीय कायद्याने नव्या मॅगझिनांवर, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डब्यांवर, दहा काडतुसांची मर्यादा घातली होती. ती २००४ मध्ये मुदत संपून उठली, परंतु मोठ्या पिस्तुलाचा मुख्य फायदाच त्या दहा वर्षांत नाहीसा झाल्यामुळे उत्पादकांनी आपले लक्ष लहान पिस्तुलांकडे वळवले होते, आणि मर्यादा उठल्यावरही ते तिथून हलले नाही. २००८ मध्ये आलेले रुगर एलसीपी हे रिकामे असताना जेमतेम २६६ ग्रॅम भरणारे पिस्तूल आणि २०१८ मध्ये आलेले, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे सामावूनही तळहाताएवढेच राहणारे सिग पी-३६५ ही या वाटचालीची दोन ठळक टोके होत.

अशा पिस्तुलासाठी कोणते कॅलिबर आणि त्या कॅलिबरमधले कोणते काडतूस निवडावे, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. हा प्रश्न बहुधा 'कोणती गोळी अधिक ताकदवान' या स्वरूपात मांडला जातो आणि तिथेच चर्चा वाट चुकते, कारण लहान पिस्तुलात ताकदीला पिस्तुलाच्याच घडणीने अनेक बाजूंनी मर्यादा घातलेली असते. नळी आखूड असते, मूठ अपुरी असते, वजन कमी असते. या तिन्ही गोष्टी मिळून काडतुसाचे जे काही होते, ते त्याच्या खोक्यावर छापलेले नसते. म्हणून ग्रंथाची मांडणी गोळीपासून पिस्तुलाकडे न जाता पिस्तुलापासून गोळीकडे जाणारी आहे, आणि ती योग्यच आहे.

प्रथम काही संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. काडतूस म्हणजे पितळी कोष, त्यातील दारू, कोषाच्या बुडाशी बसवलेली आघाताने पेटणारी टोपी आणि कोषाच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी, असा चार भागांचा संच. गोळी हा त्यातला नळीबाहेर जाणारा भाग तेवढाच असतो. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात आणि एका पौंडात ७,००० ग्रेन भरतात, म्हणजे एक ग्रेन साधारण ०.०६५ ग्रॅमचा होतो. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा किंवा नळीच्या पोकळीचा व्यास. परंतु काडतुसांची नावे ही मोजमापे नसून बहुतांशी व्यापारी नावे आहेत, हे विसरल्यास नवख्याचा फार गोंधळ होतो. .३८० एसीपी या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात ०.३५५ इंच व्यासाची, म्हणजे ९ मिमी पॅराबेलमच्या गोळीएवढीच असते; .३८ स्पेशलची गोळी ०.३५७ इंच असते. तेव्हा .३८० आणि ९ मिमी यांच्यातला फरक जाडीचा नसून गोळीच्या वजनाचा, दारूच्या प्रमाणाचा आणि कोष सोसू शकणाऱ्या दाबाचा आहे. अमेरिकी उद्योगाच्या मानकांनुसार .३८० मध्ये दर चौरस इंचाला २१,५०० पौंड इतका कमाल दाब मान्य आहे, तर ९ मिमीमध्ये तो ३५,००० आहे. आणि खोक्यावर 'प्लस पी' असे लिहिलेले असेल, तर ३८,५०० पर्यंत जातो.

खिशातल्या पिस्तुलांची तीन प्रमुख काडतुसे एकाच माणसाच्या कार्यशाळेतून आली, ही या इतिहासातली लक्षणीय गोष्ट आहे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाने १८९९ च्या सुमारास बेल्जियममधील एफएन कंपनीच्या पिस्तुलासाठी .३२ एसीपी, १९०५ च्या सुमारास .२५ एसीपी आणि १९०८ मध्ये कोल्ट कंपनीसाठी .३८० एसीपी ही काडतुसे सिद्ध केली. युरोपात हीच अनुक्रमे ७.६५ मिमी, ६.३५ मिमी आणि ९ मिमी शॉर्ट या नावांनी ओळखली जातात. त्या काळच्या साध्या पिस्तुलात नळी आणि वरची सरकती पट्टी, म्हणजे स्लाइड, यांना एकमेकांत अडकवून ठेवणारी कुलूपरचना नसे. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत स्लाइड मागे जाऊ नये एवढे काम तिचे वजन आणि तिची कमान करीत. काडतूस जितके जोरदार, तितकी स्लाइड जड आणि कमान ताठ करावी लागे, आणि .३८० ही या साध्या रचनेची खिशात मावणारी शेवटची पायरी होती. जॉर्ज लुगर याने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तयार केलेले आणि १९०४ मध्ये जर्मन नौदलाने, १९०८ मध्ये जर्मन भूदलाने स्वीकारलेले ९ मिमी पॅराबेलम हे काडतूस कुलूपरचनेवाचून नीट चालवणे कठीण, म्हणून ते पुष्कळ काळ मोठ्या लष्करी पिस्तुलांचेच राहिले. ते तळहाताएवढ्या पिस्तुलात येणे ही अलीकडच्या काही दशकांतली, पोलाद आणि कमानी सुधारल्यानंतरची घटना आहे. .३८० ला दुबळी गोळी म्हणण्याचा जो प्रघात आहे त्याबाबत एवढेच नमूद करावेसे वाटते की, १९१४ मध्ये साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजावर आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींवर झाडलेल्या गोळ्या याच काडतुसाच्या होत्या.

गोळीची परिणामकारकता मोजण्याच्या आजच्या पद्धतीचा उगम मात्र एका विशिष्ट दिवशी सापडतो. ११ एप्रिल १९८६ रोजी फ्लोरिडातील मायामीजवळ एफबीआयचे आठ कर्मचारी आणि बँकांवर दरोडे घालणारे दोन सशस्त्र इसम यांच्यात चकमक झाली; दोन कर्मचारी ठार आणि पाच जखमी झाले, आणि दोन्ही दरोडेखोरही मारले गेले. चकमकीच्या सुरुवातीलाच एका दरोडेखोराला लागलेली ९ मिमीची गोळी दंडातून छातीत शिरून, शरीरात फुलून, हृदयाच्या अलीकडे सुमारे एका इंचावर थांबली, आणि तो माणूस त्यानंतरही लढत राहिला. गोळीने तिच्या रचनेप्रमाणे काम चोख बजावले होते. उणी पडली ती खोली. पुढे १९८९ मध्ये एफबीआयच्या अहवालाने निष्कर्ष मांडला तो असा की, पिस्तुलाची गोळी रायफलीच्या गोळीपेक्षा इतकी संथ असते की तिच्या मार्गाभोवती क्षणभर ताणल्या जाणाऱ्या पेशींची हानी हिशेबात धरण्याजोगी नसते. जे प्रत्यक्ष चिरडले जाते तेवढेच मोजायचे, आणि म्हणून पुरेशी खोली ही पहिली अट, जाडी ही त्यानंतरची. लष्करी शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी रूढ केलेला १० टक्के जिलेटिनचा, ४ अंश सेल्सियसला थंड केलेला ठोकळा स्नायूच्या प्रतिरोधाचा नमुना म्हणून वापरला जाऊ लागला, आणि त्यात गोळीने किमान १२ व शक्यतो कमाल १८ इंच शिरावे हा दंडक ठरला. माणसाची छाती समोरून एवढी खोल नसते हे खरे. पण गोळी नेहमी समोरून लागत नाही, वाटेत हात येतो, अंगावर जाड कपडे असतात, आणि १२ इंचांचा आकडा यासाठी आहे.

या दंडकामागून एफबीआयने आधी १० मिमी, नंतर १९९० मध्ये आलेले .४० स्मिथ अँड वेसन अशी जड काडतुसे स्वीकारली, आणि २०१४ मध्ये त्याच संस्थेच्या प्रशिक्षण विभागाने ९ मिमीकडे परतण्याची लेखी शिफारस केली, कारण दरम्यानच्या पाव शतकात गोळ्यांची बनावट सुधारली होती आणि बहुतेक नेमबाज ९ मिमीने अधिक झपाट्याने व अधिक अचूक गोळ्या मारतात असे दिसून आले होते. या एका फेऱ्यात कॅलिबरच्या वादाचा बहुतेक निकाल लागतो. परंतु एफबीआयच्या कसोट्या पूर्ण आकाराच्या पिस्तुलासाठी बेतलेल्या आहेत. त्यांतली मोटारीच्या काचेची आणि पत्र्याची कसोटी पोलिसांना आवश्यक असली, तरी संध्याकाळी दुकान बंद करून घरी परतणाऱ्या नागरिकाच्या दृष्टीने तिचे मोल थोडे आहे. जाड कपड्यांची कसोटी मात्र दोघांनाही सारखीच लागू आहे.

टोकाशी पोकळी असलेल्या, शरीरात शिरताच फुलणाऱ्या गोळीविषयी इथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण भारतीय वाचकाच्या मनात तिच्याशी 'दमदम' हे नाव आणि त्यासोबतची क्रौर्याची छटा जोडलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळील दमदमच्या शस्त्रागारात ब्रिटिश सैन्यासाठी टोकावरचे कवच काढलेली रायफलीची गोळी तयार झाली, आणि १८९९ च्या हेग घोषणेने अशा प्रसरणशील गोळ्यांना युद्धात मनाई केली. ही मनाई राष्ट्रांमधल्या युद्धापुरती आहे. शहरी वस्तीत गोळी झाडणाऱ्या पोलिसासमोरचा पेच वेगळा असतो: पूर्ण तांब्याच्या कवचाची गोल टोकाची भरीव गोळी, जिला अमेरिकेत 'बॉल' म्हणतात, ती शरीर भेदून पलीकडे जाते आणि पलीकडे दुसरे कोणी असू शकते. फुललेली गोळी पसरट झाल्यामुळे लवकर थांबते आणि तिने चिरडलेला मार्गही रुंद असतो. याच कारणाने अमेरिकेतील पोलीस दले आणि परवानाधारक नागरिक दोघेही तीच वापरतात. झाडलेल्या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्या लक्ष्याला लागतच नाहीत आणि त्यांच्या बाबतीत गोळी पोकळ की भरीव याने काही फरक पडत नाही, हेही खरे. त्यामुळे पलीकडच्या माणसाची काळजी काडतुसाच्या निवडीने जितकी घेता येते, त्याहून पुष्कळ अधिक नेमबाजीच्या सरावाने घेता येते.

आता मूळ अडचण. पोकळ टोकाची गोळी फुलण्यासाठी तिला ठरावीक वेग लागतो, आणि आखूड नळी नेमका तोच हिरावून घेते, कारण दारूचा वायू गोळीला ढकलीत राहतो तो ती नळीत असेपर्यंतच. उत्पादकांच्या कोष्टकांतले आकडे सहसा अधिक लांब नळीत घेतलेले असतात. ९५ ग्रेनची .३८० गोळी तिथे सेकंदाला साधारण ९५० फूट वेगाने जाते असे छापलेले असले, तरी पावणेतीन इंचांच्या नळीत तो आकडा बराच खाली येतो. मग पुढीलपैकी एक होते. गोळी फुलते आणि त्यातच तिची सगळी ऊर्जा संपून ती १२ इंचांच्या अलीकडे थांबते. किंवा जाड कापडाच्या धाग्यांनी तिची पोकळी बुजते, ती फुलतच नाही, आणि भरीव गोळीसारखी खोल निघून जाते. डेनिमचे चार थर जिलेटिनपुढे लावून घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांत .३८० च्या पोकळ गोळ्या या दोन टोकांच्या मध्ये फार क्वचित स्थिरावतात. हॉर्नेडी कंपनीने 'क्रिटिकल डिफेन्स' या मालिकेत पोकळीत मऊ पॉलिमरचा बुच बसवून कापड आत शिरणार नाही अशी युक्ती केली, आणि स्पीअरने 'गोल्ड डॉट'च्या काही आवृत्त्या खास आखूड नळीसाठी बेतल्या. या प्रयत्नांनी परिस्थिती सुधारली आहे, पण पदार्थविज्ञानाने घातलेली कुंपणे ओलांडली गेलेली नाहीत.

म्हणूनच .३२ एसीपीच्या बाबतीत प्रस्तुत ग्रंथात घेतलेली भूमिका, की या कॅलिबरमध्ये पोकळ गोळीचा मोह टाळून भरीव गोळीच वापरावी, निःसंदिग्धपणे मान्य करण्याजोगी आहे. इथे ७१ ग्रेनची गोळी ९०० फुटांच्या आसपास जाते आणि तिच्याजवळ जेमतेम १२५ फूट-पौंडांची ऊर्जा असते. ती फुलण्यावर खर्च केली तर खोलीसाठी काही उरत नाही. यास एक यांत्रिक कारणही आहे. .३२ च्या कोषाच्या बुडाची कड कोषापेक्षा किंचित रुंद असते, आणि पोकळ गोळीची काडतुसे लांबीला थोडी आखूड असल्याने मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकतात. सरकताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, तर पिस्तूल जाम होते आणि ही अडकण स्लाइड ओढून सुटत नाही, मॅगझिन काढून काडतुसे हाताने सोडवावी लागतात. .३८० विषयी ग्रंथाचा कौल अधिक सावध आहे. चाचणीत सातत्याने १२ इंच गाठणारी पोकळ गोळी सापडली तर ती, एरवी भरीव गोळी, असे त्याचे स्वरूप आहे. काही अमेरिकी तज्ज्ञ .३८० मध्येही सरसकट पोकळ गोळीचाच आग्रह धरतात; त्यांच्या म्हणण्यात पलीकडच्या माणसाच्या सुरक्षेचा मुद्दा रास्त असला, तरी अपुऱ्या खोलीचा धोका ते हलका लेखतात असे वाटते.

९ मिमीच्या पिस्तुलात हा तिढा जवळजवळ सुटतो. ११५ ते १४७ ग्रेनच्या गोळ्या तीन इंचांच्या नळीतूनही फुलण्यापुरता आणि शिरण्यापुरता वेग राखतात. फेडरल कंपनीची 'एचएसटी' किंवा उपरोक्त 'गोल्ड डॉट' यांसारख्या गोळ्यांत १२४ ग्रेनच्या आसपासचे वजन हा सर्वांत निर्धोक मध्य म्हणता येईल. किंमत मोजावी लागते ती हाताला. गोळी आणि वायू पुढे जितक्या जोराने जातात तितक्याच जोराने पिस्तूल मागे येते, आणि पिस्तूल जितके हलके तितका तो धक्का तीव्र. करंगळी मुठीखाली लोंबकळत असलेल्या अर्धा किलोच्या पिस्तुलात 'प्लस पी' काडतूस घालणे म्हणजे सेकंदाला पन्नासएक फुटांच्या लाभासाठी दुसरी गोळी उशिरा आणि भलतीकडे मारण्याची तयारी करणे होय. संधिवात असलेल्या किंवा मनगटात जोर नसलेल्या व्यक्तीने .३८० निवडणे हे यामुळे कमीपणाचे ठरत नाही; उलट कुलूपरचनेची, मध्यम आकाराची .३८० पिस्तुले अशा हातांसाठीच नव्याने बनू लागली आहेत, त्यांची स्लाइड ओढणे सोपे आणि धक्का सौम्य असतो.

इतर कॅलिबरांचा विचार लवकर आटोपता येतो. .२२ लाँग रायफल स्वस्त आणि सौम्य आहे, पण तिची पेटणारी रसायने कोषाच्या कडेत भरलेली असतात आणि कड सर्वत्र सारखी भरली न गेल्यास काडतूस पेटत नाही. ब्राउनिंगने .२५ एसीपी काढली ती मुख्यतः हा दोष टाळण्यासाठी, आणि आज तिचे तेवढेच प्रयोजन उरले आहे. .३८ स्पेशल हे आखूड रिव्हॉल्व्हरचे काडतूस स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. फेडरलने २०२२ मध्ये आणलेले '.३० सुपर कॅरी' मॅगझिनमध्ये एक-दोन काडतुसे अधिक मावावीत म्हणून काढले गेले, परंतु त्यासाठी पिस्तुले आणि काडतुसे दोन्ही दुर्मीळ असल्याने त्याची शिफारस करणे कठीण आहे.

काडतूस कोणतेही निवडले तरी ते त्याच पिस्तुलात विनाअडथळा चालते याची खात्री करून घेतल्याशिवाय निवड पूर्ण होत नाही. लहान पिस्तुलात स्लाइडचा प्रवास अपुरा असतो, काडतूस नळीत शिरण्याचा कोन तीव्र असतो, आणि पोकळ गोळीचे बोथट तोंड त्या उतारावर अडू शकते. एका पिस्तुलात निर्दोष चालणारे काडतूस त्याच नमुन्याच्या दुसऱ्या पिस्तुलात अडखळल्याचे प्रकार नेमबाजांना परिचित आहेत. सराव स्वस्त भरीव गोळ्यांवर करावा आणि बाळगायची महाग काडतुसे पुरेशा संख्येने आधी मारून पाहावीत, हा सल्ला यासाठी दिला जातो. आणखी एक बाब फारशी कोणी सांगत नाही. रोज रात्री पिस्तूल रिकामे करून सकाळी पुन्हा भरणारी माणसे तेच काडतूस वारंवार नळीत ढकलीत असतात, आणि प्रत्येक वेळी उतारावर आपटून गोळी कोषात किंचित आत दाबली जाते. आतली जागा कमी झाली की दारू पेटताना दाब धोकादायक मर्यादेपर्यंत वाढू शकतो. असे काडतूस नव्याशेजारी धरून पाहावे आणि आखूड दिसल्यास बाद करावे.

कायद्याचे प्रकरण ग्रंथात शेवटी आले असले, तरी प्रत्यक्षात ते आधी वाचणे हिताचे ठरेल. न्यू जर्सीत, जिथे मराठी कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे, पोकळ टोकाची गोळी घरात ठेवण्यास हरकत नसली तरी ती भरून रस्त्यावर हिंडण्यास मनाई आहे, आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तशी मनाई नाही. राज्याची सीमा ओलांडताना परवान्याची मान्यताही संपू शकते, हे तिथे राहणाऱ्या वाचकाने ध्यानात ठेवावे.

भारतात यातल्या बहुतेक निवडी कायद्यानेच करून टाकलेल्या आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील वर्गवारीत ९ मिमी हे निषिद्ध 'बोअर', म्हणजे कॅलिबर, असल्याने सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे बाळगता येतात, आणि आयुध निर्माणींतून मिळणाऱ्या हातशस्त्रांत .३२ बोअरचीच प्रामुख्याने गणना होते. मात्र 'बत्तीस बोअर' या एका नावाखाली इथे दोन भिन्न काडतुसे वावरतात. 'अशनी' पिस्तूल .३२ एसीपी चालवते, तर २०१४ मध्ये कानपूरहून आलेले 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर .३२ स्मिथ अँड वेसन लाँग चालवते. दोहोंचे कोष वेगळ्या लांबीचे आणि वेगळ्या बुडाचे आहेत, ती परस्परांत बदलून वापरावयाची नसतात. दुकानदाराकडे नुसते 'बत्तीसचे खोके' न मागता खोक्यावरचे संपूर्ण नाव परवान्याशी आणि शस्त्रावर कोरलेल्या नावाशी ताडून पाहावे.